गाडीच्या कपाळावरची पाटी

मंडळी, घराच्या दारावर आपण नावाची पाटी लावतो ती कोणासाठी? स्वतःसाठी खचितच नव्हे. आपले घर आपल्याला लाइट गेल्यावरही सापडते. ती पाटी असते पोस्टमनसाठी, पाहुण्यासाठी आणि वेळप्रसंगी तक्रार घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यासाठी. मोटारीच्या नंबराच्या पाटीचेही तसेच आहे. गाडी आपली, कर्ज आपले, पेट्रोल आपले. पण पाटी मात्र रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे ती कोठे लावावी आणि कशी लावू नये, हे निम्मे आपोआप सुचते. उरलेले निम्मे हत्यारांचे काम आहे. आज त्या दोन्ही बाजूंविषयी थोडे बोलावयाचे आहे.

बोलणार आहे ते मुख्यतः पुढच्या पाटीविषयी. मागची पाटी सहसा आपल्या जागी असते. हाल होतात ते पुढच्या पाटीचे, आणि त्यातही हौसेने बदल करून घेतलेल्या गाडीवर तर फारच.

जालन्याच्या एमआयडीसीत माझी पत्राकामाची लहानशी शेड आहे. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या मिलांचे हे गाव. त्यामुळे पाइप, अँगल, पट्टी सारे हाताशी असते आणि वेल्डिंग जाणणारी पोरेही पुष्कळ. मग जीपगाडीला जाडजूड पाइपचा गार्ड बसवून घेणे, मूळ बंपर काढून लोखंडी बंपर लावणे, नाहीतर लहान मोटारीला बाजारातून आणलेला खाली झुकणारा प्लास्टिकचा बंपर चढविणे, ही कामे कोणी ना कोणी घेऊन येतोच.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक तरुण आला. गाडी देखणी होती. नवा काळा रंग, रुंद चाके, पुढे तीन पाइपांचा गार्ड. नंबराची पाटी मात्र दिसेना. वाकून पाहिले तर ती आत, काचेखाली डॅशबोर्डवर उताणी पडलेली.

मी म्हटले, "अरे, पाटी आत कामून ठेवली?"

तो म्हणाला, "काका, गार्ड बसवला तर पाटीला जागाच राहिली नाही. अन् पुढं लावली की तोंड खराब दिसते गाडीचं. मागं आहे ना एक!"

हा प्रश्न तसा वाजवी आहे. मागे एक पाटी असताना पुढे दुसरी कशाला? अमेरिकेतील फ्लोरिडा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांत मोटारीला मागेच एक पाटी लागते. तिकडच्या गाड्यांची चित्रे आपली मुले मोबाइलवर पाहतात आणि त्यांना ते कोरे तोंड सुंदर वाटते. आपल्याकडे मात्र मोटार वाहन नियम पुढे आणि मागे, दोन्हीकडे स्पष्ट वाचता येईल अशी पाटी मागतात. नियम आहे म्हणून पाळा, एवढे सांगून हल्लीच्या मुलाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून मी त्याला एक घडलेली गोष्ट सांगितली, तीच आपणांस सांगतो.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक कामगार आहे. राहावयास चंदनझिऱ्याकडे. दुसरी पाळी संपवून रात्री सायकलने घरी जातो. तीनेक वर्षांपूर्वी समोरून आलेल्या एका गाडीने त्याला उडविले. गाडी क्षणभर थांबली, मग वळसा घालून निघून गेली. रस्त्याकडेच्या टपरीवर दोघे-तिघे होते. त्यांनी गाडीचे तोंड चांगले पाहिले होते. मोठा गार्ड होता, वर दिवे होते, हे सारे त्यांनी सांगितले. नंबर मात्र कोणालाच सांगता येईना. पाटी गार्डच्या पाइपांमागे होती, असे एकाला वाटले. गाडी वळली तेव्हा मागचा भाग अंधारात आणि धुळीत. झाले. गाडी सापडली नाही. ह्या गृहस्थाच्या मांडीचे हाड मोडले होते, सहा महिने घरी बसावे लागले.

आता ह्यातला पैशाचा भाग नीट ऐका, कारण तो पुष्कळांना माहीत नसतो. धडक देणारी गाडी सापडली तर तिचा तृतीयपक्षी विमा असतो, आणि जखमी माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते. औषधपाणी, बुडालेला रोजगार, पुढे राहणारे व्यंग, ह्या साऱ्यांचा तेथे हिशेब होतो. गाडी सापडलीच नाही तर? तर सरकारची वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यू आला तर दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत असेल तर पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी चौकशी करतात आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. योजना चांगली आहे, अनेकांना तिची माहिती नसते म्हणून मुद्दाम सांगितली. पण रक्कम ठरावीक आहे. माणूस कोण, त्याच्यावर किती तोंडे अवलंबून, मोडले काय, हे ती पाहत नाही. आमच्या शेजाऱ्याला पन्नास हजार मिळाले. दवाखान्याचे बिल त्याहून मोठे होते.

म्हणजे पहा, दीड फुटाची एक पाटी दिसली असती तर एका घराचा हिशेब वेगळा झाला असता. आणि खरे सांगावयाचे तर ही गोष्ट सांगताना माझी मान थोडी खालीच जाते. तो गार्ड माझ्या शेडमधला होता असे मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. पण पूर्वी असे गार्ड मी करून दिले आहेत, आणि पाटी कोठे जाणार हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारलेला नव्हता. ते काम मी आता बंद केले आहे.

आता थोडे पाटीच्या कुळाविषयी. मोटारींना नंबर देण्याची पद्धत फ्रान्समध्ये पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली सुरू केली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून ती कायद्याने आली. कारण तेव्हाही हेच होते. घोडागाडीवाल्याला गाव ओळखत असे. मोटारवाला धूळ उडवून परगावी निघून जाई. वेग आला तशी ओळखीची सोय लागली. आपल्याकडे १९३९चा कायदा बराच काळ चालला. त्यानंतर १९८८चा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा आकडा अशी आजची रीत रूढ झाली. जालन्याला एमएच-२१ मिळाला.

जुन्या जीपगाडीच्या काळी हा प्रश्न फारसा नव्हता. तिचा बंपर म्हणजे एक सरळ लोखंडी चॅनेल. त्यावर दोन भोके पाडली, पाटी कसली, रंगाऱ्याकडून आकडे लिहून घेतले की झाले. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचे कवच असतो. त्याच्या मागे रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, कुठे सेन्सर, तर कुठे रडार. कारखान्याने पाटीची जागा ह्या साऱ्यांचा विचार करून ठरविलेली असते. बंपर बदलला की ती जागा जाते आणि विचार आपल्याला करावा लागतो.

पाटीही आता रंगाऱ्याची राहिलेली नाही. हल्लीची उच्च सुरक्षा पाटी, जिला सगळे एचएसआरपी म्हणतात, ती एक मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची असते. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकचकीत होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची अक्षरे, आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर ती कंपनीकडूनच येते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. त्यासाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, पुढे ती अनेकदा वाढविण्यात आली. जुन्या मोटारीसाठी ठरविलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. काचेच्या आतील बाजूस जी तिसरी चिकटपट्टी लावतात, तिच्यावर पुढच्या-मागच्या दोन्ही पाट्यांचे लेझर क्रमांक असतात. म्हणजे हे त्रिकूट एकमेकांशी बांधलेले आहे. बाजारातून तशीच दिसणारी दुसरी पाटी करून आणली तर ती दिसेल तशी. पण ती ती नव्हे.

मोटारीसाठी पाटीची दोन मापे आहेत. लांबट पाटी ५०० बाय १२० मिलिमीटर आणि चौकोनी पाटी ३४० बाय २००. अक्षरे व आकडे ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, आणि दोन अक्षरांत १० मिलिमीटर मोकळी जागा. लिपी रोमन, आकडे आंतरराष्ट्रीय. आकड्यांना वळण देऊन त्यात 'दादा' वाचावयास लावणे ही हौस आपल्या मुलखात फार आहे. घरी भिंतीवर ती जरूर भागवावी.

हे ६५ मिलिमीटर कशासाठी, ह्याचा एक साधा हिशेब मांडून पाहू. ब्रिटनमध्ये वाहन चालविण्याची परीक्षा देणाऱ्याला २० मीटरांवरून पाटी वाचून दाखवावी लागते. ही नजरेची किमान अट. तिकडची अक्षरे ७९ मिलिमीटर उंच असतात. त्याच प्रमाणात आपली ६५ मिलिमीटरची अक्षरे साधारण साडेसोळा मीटरांवरून वाचता यावीत. आता ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून थोडे अधिकच अंतर कापते. म्हणजे बेताच्या नजरेच्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचावयास सारा मिळून एक सेकंद मिळतो. हा सेकंद त्याचा आहे. तो आपण कमी करतो आहोत काय, एवढेच पाहावयाचे.

पाटी उभी न लावता मागे कलती लावली की काय होते? ३० अंश कलली तर ६५ची उंची समोरच्याला ५६ इतकी दिसते. तेवढे चालेल असे आपण म्हणाल. पण ६० अंश कलली की ती निम्मी, म्हणजे साडेबत्तीस मिलिमीटर होते. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवरचे आकडेसुद्धा ४० मिलिमीटरचे असतात! त्या एका सेकंदाचा अर्धा सेकंद झाला. झुकत्या बंपरवर त्याच्या उतारानेच पाटी चिकटविणारे लोक हेच करतात, आणि डॅशबोर्डवर उताणी ठेवणारा तर सारा सेकंदच खिशात घालतो.

रात्रीचा भाग आणखी निराळा आहे. पाटीवरचा पांढरा थर नुसता पांढरा नसतो. त्यात बारीक काचमण्यांसारखी किंवा पैलूंसारखी रचना असते. पडलेला उजेड ती ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठविते. म्हणून आपल्या दिव्यांत समोरची पाटी एकदम उजळते. पाटी फार कलली, तिच्यावर काळपट फिल्म किंवा जाड प्लास्टिक चढविले, अथवा काळ्या मातीचा चिखल वाळून बसला की हा गुण जातो. पावसाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यावर गाडी चालविणाऱ्याने काच पुसताना पाटीवरही एक ओला हात फिरवावा. तारेचा ब्रश मात्र लावू नये, थर खरवडला जातो.

आता हत्यारे घेऊ या. मात्र त्यापूर्वी दोन शब्द कायद्याचे, म्हणजे केलेले काम उलटे करावे लागणार नाही. समोरच्या पाइपच्या गार्डविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करावयास लिहिले आहे. तो गार्ड पायी माणसाला घातक, आणि धडकेचा जोर भलतीकडे नेऊन एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा बंपर बदलावयाचा असेल तर आधी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे आणि मग आमच्याकडे यावे. गार्ड असेल तर तो काढणे, हीच पाटीची जागा मोकळी करण्याची पहिली रीत.

जागा ठरविताना प्रथम पुठ्ठा घ्या. पाटीच्या मापाचा, ५०० बाय १२०चा तुकडा कापा आणि बंपरवर हाताने धरून पाहा. शक्यतो मधोमध, उभा, आणि त्याच्या पुढे काहीही येता कामा नये. ना पाइप, ना दिवा, ना विंचचा दोर, ना टोचनचा हुक. एकाने पुठ्ठा धरावा, दुसऱ्याने वीस पावलांवर जाऊन समोरून, डावीकडून आणि उजवीकडून पाहावे. पुठ्ठ्यावर जाड पेनाने नंबर लिहिला तर उत्तमच.

दुसरी गोष्ट हवेची. जाळीतून शिरणारी हवा आधी एसीचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर थंड करते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खालच्या जाळीवर पाटी ठोकून दिली तर तेवढा हवेचा रस्ता बंद. एसी गार करीत नाही, तापमानाचा काटा वर चढतो, आणि मालक मेकॅनिकला दोष देतो. म्हणून पाटी बंपरच्या भरीव भागावर यावी. जाळीसमोर आणल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर मागे दोन बोटे तरी अंतर सोडावे, म्हणजे हवा वरून-खालून वळून आत जाईल. नंतर एकदा चढावावर, एसी लावून, काट्यावर नजर ठेवून गाडी चालवून पाहावी.

तिसरी गोष्ट सेन्सरची. बंपरवर रुपयाएवढी गोल बटणे दिसतात, ते पार्किंगचे सेन्सर. काही नव्या गाड्यांत जाळीच्या मध्यावर किंवा खाली एक गुळगुळीत काळी चौकट असते, ते रडार. त्यापुढे धातूचा पत्रा आला की गाडी आंधळी होते, नाहीतर मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक लावते. ह्या जागा सोडाव्याच लागतात.

आता ब्रॅकेट. एक मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही, त्याला पाठ हवी. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो आणि त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला लांबट पाटीवर वाऱ्याचा रेटा चारएक किलो वजनाइतका पडतो. वजन फार नाही, पण वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि मोकळा कोपरा तासन्तास फडफडत राहतो. तार शंभरदा वाकविली की तुटते ना, तशी पाटी बोल्टच्या भोकापाशी चिरते. म्हणून दोन मिलिमीटरच्या, म्हणजे चौदा गेजच्या लोखंडी पत्र्याची पाठ करावी. ती पाटीहून चारही बाजूंनी दहा मिलिमीटर मोठी असावी. कडा आत वळवाव्यात, कोपरे गोल घासावेत. धारदार कोपरा उद्या कोणाच्या तरी पोटरीला लागणार आहे, हे ग्राइंडर हातात असतानाच आठवावे.

ह्या पाठीला दोन पाय असावेत, आणि ते मजबूत जागी उतरावेत. लोखंडी बंपर असेल तर सरळ त्याच्यावर. प्लास्टिकचा बंपर असेल तर नुसता स्क्रू पिळू नये. उन्हाने प्लास्टिक सैल पडते आणि स्क्रू निसटतो. आतून एक पट्टी द्यावी, रुंद वॉशर घालावेत, आणि बोल्ट आरपार घेऊन नट लावावा. बंपरला भोक पाडावयाचेच नसेल तर काही गाड्यांत टोचनच्या हुकाची आट्यांची जागा असते, तिच्यात दांडा पिळून त्यावर ब्रॅकेट धरता येते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पुष्कळ गाड्यांत ह्या आट्या उलट्या असतात, आधी पाहून घ्या, नाहीतर जोर लावून आट्या मोडाल. आणि गाडी बंद पडली तर टोचनसाठी तीच जागा लागते, म्हणून त्या मापाचा पाना गाडीत ठेवा. ह्या रीतीत पाटी एका अंगाला जाते. ती समोरून सरळ आणि पूर्ण वाचता येत नसेल तर ही रीत सोडून द्यावी.

वेल्डिंग करावयाचे ते ब्रॅकेटला, गाडीपासून दूर नेऊन. गाडीवरच टाका मारावा लागला तर बॅटरीच्या तारा आधी काढाव्यात. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांना वेल्डिंगचा करंट मानवत नाही. चेसिसला टाका मारणे तर नकोच. मग रेडऑक्साइडचा एक हात, त्यावर काळा रंग. रंग नुसत्या शोभेसाठी नाही. उघडे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून पावसात भिजले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून मधे रबराचे किंवा प्लास्टिकचे वॉशर द्यावेत. बोल्ट सहा मिलिमीटरचे, नट नायलॉनच्या कडीचे, म्हणजे हादऱ्याने ढिले होत नाहीत.

शेवटी पाटी. नियमात मागच्या पाटीला एकदा बसविले की पुन्हा न निघणारे कुलूप लागते. प्रत्यक्षात पुढेही तसेच बसवितात. ते काढताना मोडते, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी बंपर, मग ब्रॅकेट, मग ब्रॅकेट घट्ट असल्याची खात्री, आणि त्यानंतरच अधिकृत माणसाकडून पाटी बसवून घेणे. पाटीला जी भोके येतात तीच वापरावीत, नवी पाडू नयेत. बोल्टचे डोके अक्षरावर, होलोग्रामवर किंवा लेझर क्रमांकावर येऊ देऊ नये. पाटी मोडली किंवा हरवली तर रंगाऱ्याकडे न जाता रीतसर दुसरी मागवावी. हरवली असेल तर आधी पोलिसांत कळवावे. आपल्या नंबराची पाटी दुसऱ्याच्या गाडीवर फिरू लागली तर दंडाच्या चिठ्ठ्या आपल्याच मोबाइलवर येतील.

काय करू नये, तेही चटकन सांगतो. दुहेरी चिकटपट्टीने पाटी चिकटवू नये, मे महिन्यातल्या तापलेल्या बंपरवर ती सुटते. प्लास्टिकच्या बंदांनी बांधू नये, उन्हाने ते ठिसूळ होऊन तुटतात. चुंबकाचा विचार करू नये, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. आणि बटण दाबले की पाटी फिरते किंवा झाकते, असली यंत्रे तर कोणीच करू नयेत आणि कोणी करून देऊ नयेत. ती जागेची अडचण नव्हे, ती लपण्याची तयारी आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो त्या दिवशी थोडा नाराज होऊनच गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा गार्ड काढलेला होता. मूळ बंपर कोठेतरी घरामागे पडला होता, तो त्याने शोधून, रंगवून आणला होता, पण पाटीचे मूळ ब्रॅकेट मोडलेले. दोन तासांचे काम होते. नवे ब्रॅकेट करून दिले, चारही कोपरे धरून हलवून पाहिले. पाटी रीतसर बसवून घे, मग गाडी दाखवून जा आणि आठवड्याने एकदा बोल्ट तपास, एवढे सांगितले.

तो गाडी दाखवावयास आला ती संध्याकाळची वेळ होती. शेजारच्या शेडमधला तो गृहस्थ पाळीवर येत होता. अजून थोडा लंगडतो. मी त्याला वीस पावलांवर उभे केले आणि म्हटले, "भाऊ, एवढं वाचून दाखवा बरं." त्याने डोळे बारीक केले आणि वाचले, "एमएच एकवीस..." आणि पुढचे आकडेही एकेक करून, न अडखळता. ते मी येथे सांगत नाही. मुलगा काही बोलला नाही. खिशातून फडके काढून त्याने पाटीवर बसलेली धूळ तेवढी पुसली.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांकडे गाडी असेल. उद्या सकाळी ती काढण्यापूर्वी वीस पावले पुढे जाऊन तिच्याकडे वळून पाहा. स्वतःला गाडीचा मालक समजू नका, रात्रपाळीहून सायकलने घरी निघालेला माणूस समजा. पाटी वाचता आली तर खुशाल निघा. नाही आली तर आधी पाना हातात घ्या.